दोन फुटी टाकीसाठी शेवाळ खाणारा मासा: ओटो की ब्रिसलनोज?

शोभिवंत माशांच्या दुकानात ‘काच साफ करणारा मासा द्या’ असे म्हटले की बहुधा ‘सकर’चे बोटभर पिल्लू पिशवीत पडते. त्याचा विचार येथे बाद करण्यापुरताच, कारण तो पुढे फुटापेक्षाही लांब होतो आणि टाकीत मावेनासा झाला की लोक त्याला नदीत सोडतात. मूळ दक्षिण अमेरिकेच्या या माशाने आपल्याकडील अनेक जलाशयांत बस्तान बसवले आहे. गोदावरीत त्यात भर घालू नये.

खरी निवड ओटोसिंक्लस आणि ब्रिसलनोज यांत आहे. दोघेही सकरच्याच कुळातले, अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्या असलेले. ओटो जेमतेम दीड-दोन इंचांचा, दिवसा वावरणारा आणि कोवळ्या पानांवरील तपकिरी थर पान न फाडता खाणारा. मात्र तो किमान सहांच्या गटात ठेवावा लागतो. ब्रिसलनोज चार-पाच इंचांचा, एकटाही पुरतो, पण दिवसभर लाकडाखाली दडून बसतो. पाहुण्यांना दाखवायला तो निरुपयोगीच.

ओटोची अडचण वेगळी आहे. बाजारात येणारे बहुतेक ओटो नदीतून पकडलेले असतात आणि वाहतुकीत उपाशी राहिलेले असतात. मी स्वतः तीन आठवड्यांच्या टाकीत चार ओटो सोडले होते. काच चकचकीत होती, म्हणजे त्यांच्यासाठी ताटच रिकामे होते. दहा दिवसांत तिघे गेले. ब्रिसलनोजला रात्री उकळत्या पाण्यातून काढलेली काकडीची चकती चमच्याला टोचून दिली की सकाळी सालीची कडीच उरते. ओटोही अशी चकती खातो, पण ती ओळखायला त्याला बरेच दिवस लागू शकतात.

पाण्याच्या बाबतीतही ब्रिसलनोज सोशिक आहे. बोअरचे जड पाणी तो सहसा चालवून घेतो; ओटोला मऊ पाणी मानवते, त्यामुळे त्याच्यासाठी महापालिकेच्या नळाचे पाणी बरे, अर्थात अँटी-क्लोरिन घालूनच. उलट ब्रिसलनोज घाण फार करतो, म्हणून दर आठवड्याला साधारण पाव टाकी पाणी बदलण्याची तयारी हवी. नाशिकच्या जानेवारीत पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा हीटर दोघांनाही लागतोच. पाणी २३ ते २६ अंशांवर स्थिर असावे.

टाकी नवी असेल किंवा आठवड्याची देखभाल एवढाच वेळ असेल, तर मी एक ब्रिसलनोज आणि लाकडाचा एक तुकडा सुचवेन. टाकी निदान सहा महिने जुनी, झाडांनी भरलेली आणि टेट्रांसारख्या शांत माशांची असेल, तर ओटोच घ्यावेत. काळे केसाळ शेवाळ मात्र यांपैकी कोणीही साफ करणार नाही. त्यासाठी दिवा सहा-सात तासांवर आणावा.

ओटो निवडताना काचेला चिकटलेल्याचे पोट समोरून पाहावे: ते गोलसर असले तरच तो मासा पिशवीत भरून घ्यावा.