आंबे लगडलेलं 'बुटकं मानकुराद': पट्टी सोडून बघा, मग पैसे द्या

पहिला पाऊस पडला की गोव्यात म्हापसा, फोंडा, मडगावच्या रस्त्यांकडेला रोपांचे टेम्पो लागतात. दोन फुटी झाडाला दोन आंबे, आणि विकणारा सांगतो, "बुटकं मानकुराद, कुंडीत बारमाही." मानकुराद ही गोव्याची आंब्याची जात मुळात बुटकी नाही. छाटून ते आटोक्यात ठेवता येतं, एवढंच. जातीनेच आटोपशीर हवं असेल तर आम्रपाली घ्या. दशहरी आणि नीलम यांचा हा संकर अडीच मीटर अंतरावरही लावतात.

मग ते आंबे कुठले? कधी देठ चक्क बारीक तारेने बांधलेला असतो. कधी फळासकट जुनी फांदी भेट कलमाने (दोन्ही झाडं मुळांवर असतानाच एकत्र बांधून) कोवळ्या रोपाला जोडलेली असते. कलम खरं असतं, पण अंगठ्याएवढी फांदी आणि पेन्सिलीएवढं खोड. मुळांना ती पोसवत नाही आणि सुकते. तिसरा प्रकार पॅक्लोब्युट्राझोलचा. या वाढ रोखणाऱ्या औषधाने पेरी आखूड होतात, पानं झुबक्यात येतात, झाड ठेंगणं दिसतं. असर ओसरला की ते मूळच्या चालीने वाढू लागतं.

फळाची लबाडी निदान डोळ्यांना दिसते. खरी मेख कलमाच्या जोडावर गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीखाली असते. बाठ्यापासून उगवलेल्या रोपावर सुरीने चीर पाडायची आणि पट्टी गुंडाळायची, की झालं 'कलम'! अशा झाडाला फळ धरायला सहा-आठ वर्षं जातात, तेही आईसारखं येईल याची खात्री नाही. म्हणून पट्टी सोडायला लावा. खऱ्या कोय कलमात (बाठ्याच्या कोवळ्या कोंबावरचं) किंवा मृदुकाष्ठ कलमात (रोपाच्या कोवळ्या फुटीवरचं) पाचरीचा व्रण स्पष्ट दिसतो आणि जोडाच्या वर-खाली सालीचा रंग वेगळा असतो. विकणारा पट्टी सोडू देत नसेल तर पुढे चला.

जोड आहे म्हणूनही निश्चिंत होऊ नका. वरची काडी, म्हणजे जोडलेली जातिवंत फांदी, मेलेली आणि खालच्या गावठी खोडाला हिरवीगार फूट, अशी रोपं सर्रास विकली जातात. पालवी जोडाच्या वरूनच आली आहे ना, ते बघा. खोड धरून हलकेच उचला. माती सोडून रोप वर आलं तर ते कालच पिशवीत कोंबलेलं आहे. बिलावर जातीचं नाव लिहून घ्या. जुन्या गोव्यात एला येथील आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) संस्थेत किंवा कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयात आधी चौकशी केलेली बरी.

घेऊन फसलाच असाल तर फळं लगेच तोडा. तारेच्या प्रकारात ती तशीही गळतातच म्हणा. बाठ्याचं रोप मात्र उपटू नका. परसात जांभ्या मातीत पाणी साचणार नाही अशा जागी लावा आणि तांबूस कोवळी फूट आली की तिच्यावर ओळखीच्या मानकुरादची काडी बांधा. काडी तीन-चार महिन्यांची, फुटीएवढीच जाड हवी. तिची पानं झाडावरच आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापा. काडीच्या खालच्या टोकाला चार-पाच सेंटीमीटरची पाचर करा, फुटीचा शेंडा कापून चिरीत ती बसवा, पट्टी घट्ट आवळा आणि वर प्लॅस्टिकची टोपी घाला. डोळा फुटला की टोपी काढा. जोडाखालची फूट दिसेल तेव्हा खुडत राहा.