एनॉक्सापॅरिनची भरलेली सिरिंज: औषध झकास, सोबतचा कागद बेकार

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि नंतर पोटरी सुजून टणक, डॉप्लर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) केलं तर शिरेत गुठळी, म्हणजे डीव्हीटी. डॉक्टरांनी एनॉक्सापॅरिन सुरू केलं, रक्त गोठू न देणारं इंजेक्शन, लो मॉलिक्युलर वेट हेपॅरिन म्हणतात त्यातलंच, सिरिंज भरूनच येते. किलोला 1 एमजी दर 12 तासांनी असा हिशोब, आईचं वजन 60 म्हणून 60 ची. सोबत वॉरफेरिन, तीही रक्त पातळ ठेवणारीच गोळी, पण त्या गोळीचा असर चढायला वेळ लागतो म्हणून निदान 5 दिवस दोन्ही चालू आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) 2 च्या वर टिकला की मगच इंजेक्शन बंद.

मला सगळ्यात आवडलं ते हे की घरी देता येतं. साधं हेपॅरिन सलाईनमधून चालू ठेवायचं आणि सारखं रक्त काढून एपीटीटी (ही पण रक्त गोठण्याचीच तपासणी) बघायचं म्हणजे अ‍ॅडमिटच राहा. ह्याला ती भानगड नाही, फक्त प्लेटलेट्स बघायला सांगतात कारण क्वचित त्या घसरतात.

द्यायचं कसं ते वॉर्डातल्या सिस्टरनी शिकवलं म्हणून जमलं. बेंबीपासून 2 इंच सोडून बाजूला, कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ उभी पूर्ण आत, आणि औषध संपून सुई बाहेर येईपर्यंत चिमटी सोडायची नाही. एकदा डावीकडे एकदा उजवीकडे. आत हवेचा बुडबुडा दिसतो, मामा बघून ओरडलेच, "अगं हवा काढ आधी!" पूर्ण सिरिंज द्यायची असेल तर तो काढायचा नसतो, काढायला गेलं की औषधच सांडतं. नंतर चोळायचं तर अजिबात नाही, आणि न चोळताही आईच्या पोटावर जांभळं सांडल्यासारखे डाग पडलेच.

आता तक्रार. आतला कागद इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं, चित्र एक नाही. घरी शिकवणारं कोणी नसेल तर माणसाने काय करायचं? आणि एका मेडिकलवाल्याकडे 60 ची संपली तर म्हणाला 40 च्या दोन न्या, दुसरी अर्धी मारा. अहो पण त्या 40 च्या सिरिंजवर रेघाच नाहीत, अर्धी मोजू कशी? सरळ दुसरं दुकान गाठलं.

बाकी हे डुकराच्या आतड्यापासून बनतं, आईला अजून सांगितलेलं नाही, चतुर्थी करते ती.

किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो, त्यामुळे क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट डॉक्टरांना दाखवाच, आणि गुडघा ठणकतोय म्हणून मनाने डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो. 5 पैकी 4 स्टार, एक कापला तो कागदासाठी. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून हॉस्पिटलला परत दिल्या, कचरा उचलणाऱ्या ताईंच्या हाताला नकोत.