कोडवर्ड: आठ महिने सोडवल्यानंतर

चौकट शब्दकोड्याची, पण सूचना एकही नाही. प्रत्येक पांढऱ्या घराच्या कोपऱ्यात १ ते २६ पैकी एक आकडा असतो, आणि एक आकडा म्हणजे संपूर्ण चौकटीत एकच इंग्रजी अक्षर. दोन-तीन अक्षरं आधीच फोडून दिलेली असतात, बाकी आपण काढायची. ब्रिटिश वर्तमानपत्रांतून हे नेहमी येतं. छापील पुस्तक आणि फोनवरचं अ‍ॅप, दोन्ही वापरून झाल्यावर एवढं नक्की सांगता येतं की शब्दसंग्रह बेताचा असला तरी चालतं, मोजायचा कंटाळा मात्र चालत नाही.

आधी प्रत्येक आकडा किती वेळा आलाय ते समासात लिहून घ्यायचं. पाच मिनिटं जातात, पण निम्मं काम तिथेच होतं. सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा बहुधा ‘ई’. एखाद्या दुर्मिळ आकड्यापाठोपाठ दर वेळी एकच ठरावीक आकडा येत असेल तर ‘क्यू-यू’ची जोडी तपासावी.

समजा ४-१७-१७-४ असा शब्द आहे आणि १७ हा सर्वाधिक. म्हणजे मधे दोन ‘ई’. मग डी-ई-ई-डी, पी-ई-ई-पी की एस-ई-ई-एस? इतर शब्दांचे शेवट बघा. १७-४ असा शेवट वारंवार येत असेल तर ‘पी’ जवळजवळ बाद. ४ हा १७ शिवाय इतर आकड्यांनंतरही शब्दाच्या टोकाला दिसतो, सुरुवातीलाही भरपूर आहे, तर ‘एस’. टोकाला आला की बहुतेक वेळा १७ च्याच मागे असेल तर ‘डी’. शब्दाचा अर्थ इथपर्यंत लागलेलाच नाही.

घोळ होतो तो अंदाजाने भरल्यावर. साध्या शब्दकोड्यात चुकलेलं अक्षर फार तर दोन शब्द बिघडवतं; इथे ते दहा-बारा घरांत पसरतं आणि कुठून बिघडलं ते कळत नाही. कागदावर आणखी एक भानगड: अक्षर बरोबर असतं, पण त्या आकड्याचं एखादं घर भरायचं राहतं आणि सोपा शब्दही अडून बसतो. समासातली मोजणी इथे पुन्हा कामाला येते. पेन्सिल ०.५ ची आणि हलक्या हाताने. जाड शिशाने कोपऱ्यातला आकडाच दिसेनासा होतो.

अ‍ॅपवर एक घर भरलं की त्या आकड्याची सगळी घरं आपोआप भरतात, हे सोयीचं. चुकीचं अक्षर लाल करून दाखवायची सोय मात्र पहिल्याच दिवशी बंद करावी, नाहीतर अक्षरं एकेक लावून बघायचाच खेळ उरतो.

शेवटी ‘जे’, ‘झेड’सारखी अक्षरं शिल्लक राहतात. समोर ‘-ई-एस-टी’ असेल तर दोन्ही बसतात: जेस्ट आणि झेस्ट. अशा वेळी उरलेल्या दुसऱ्या आकड्याचा शब्द आधी सोडवावा.

मराठीत हेच का होत नाही? आपल्या शब्दकोड्यात का, कि, की ही वेगवेगळी घरं. प्रत्येकाला स्वतंत्र आकडा दिला तर बहुतेक आकडे एकदाच येतील आणि मोजायला काही उरणार नाही. काना-मात्रा वेगळ्या घरात टाकल्या तर गणित जमतं, शिवाय मात्रेने शब्द सुरू होत नाही हा फुकटचा धागा मिळतो. पण ‘पाटी’साठी चार घरं बघून डोळे गरगरतात.

अक्षरांचं सुडोकू मराठीत सहज बसतं, कारण तिथे फक्त नऊ वेगळी अक्षरं लागतात. ‘गणपती बाप्पा मोरया’ मोजून बघा: ग, ण, प, ती, बा, प्पा, मो, र, या. बरोबर नऊ, एकही पुन्हा नाही! ते कर्णावर दडवलं तर मात्र दोन-तीन घरांतच ओळखू येतं आणि सगळा कर्ण फुकटात भरून निघतो. त्यापेक्षा नुसती अक्षरं वापरावीत. आणि प, प्पा, बा घाईत सारखेच दिसतात, तेव्हा ओळ तपासताना आधी हे तीन शोधावेत.