जुना स्टिरिओ टीव्हीला जोडावा, की साउंडबार घ्यावा?

नव्वदच्या दशकातला अ‍ॅम्प्लिफायर, दोन लाकडी स्पीकर, बंद पडलेला कॅसेट डेक आणि भिंतीवर नवा टीव्ही, इतका सपाट की आवाज मागच्या चिऱ्यांनाच ऐकू जावा. कोकणात अशी घरं पुष्कळ आहेत. आमचं वेंगुर्ल्याचं घर त्यातलंच. टीव्हीचा आवाज नीट यावा आणि फोनवरची गाणीही त्याच स्पीकरवर वाजावीत, यासाठी दोन वर्षांत चार प्रकार घरी लावून पाहिले. पाचवा, म्हणजे साउंडबार (टीव्हीखाली ठेवायची स्पीकरची लांब पट्टी), बहिणीकडे आहे, तोही भरपूर ऐकला.

काही विकत घेण्याआधी स्पीकरची जाळी काढून शंकूच्या कडेला हलकं बोट लावा. कडा फोमची असेल तर आपल्या दमट हवेत ती बहुधा बोटालाच चिकटून येईल. आमची तशीच आली. कडा नवीन बसवून घेतल्यावर आवाजात जो फरक पडला, तेवढा पुढच्या कुठल्याच खरेदीने पडला नाही. रबरी कडा असेल तर तुम्ही सुटलात. आवाजाची खुंटी फिरवताना खरखर येत असेल तर तिच्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ती वीसेक वेळा इकडून तिकडे फिरवा. खाऱ्या वाऱ्याने आतली पट्टी मळते, बाकी अ‍ॅम्प्लिफायर ठणठणीत असतो.

साउंडबारबद्दल मला आकस नाही. बहिणीच्या दहा बाय बाराच्या खोलीत मालिकेतला शब्द न् शब्द कळतो आणि वायरींचं जंजाळ नाही. गाणी लावली की मात्र सगळं एका पट्टीतून येतं. डावीकडे तबला, उजवीकडे पेटी, मधोमध गायक ही मांडणी मोडते. दुसरी गोष्ट दुरुस्तीची. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधला कपॅसिटर गेला तर गावातला जुना कारागीर तो बदलून देतो. साउंडबारचा बोर्ड गेला की बहुतेक वेळा बोर्डच बदला म्हणतात, आणि तो मिळेलच असं नाही. समुद्रापासून अर्ध्या मैलावर राहणाऱ्याने याचा विचार करावा, असं मला वाटतं.

फोनवरची गाणी तारेशिवाय पकडणारा छोटा डबा, म्हणजे ब्लूटूथ रिसीव्हर, सगळ्यात स्वस्त. अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्सला, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायच्या भोकाला, जोडला की झालं. (शेजारच्या फोनोला जोडू नका, ते रेकॉर्ड प्लेअरसाठी असतं, तिथे तबकडीसाठीचं वेगळं इक्वलायझेशन असतं, आवाज फाटतो.) नुसत्या गाण्यांसाठी मी आजही हाच सुचवीन. आषाढात कौलांवर पाऊस कोसळत असताना ब्लूटूथ आणि तारेतला फरक मला तरी ऐकू येत नाही. टीव्हीला मात्र तो चालत नाही, कारण आवाज ओठांच्या मागे पडतो. साध्या ब्लूटूथला साधारण दीड-दोनशे मिलिसेकंद लागतात, आणि बातम्या देणारी बाई तोंड मिटून गेल्यावर बोलतेय असं दिसतं. टीव्हीतली आवाज जुळवायची सेटिंग बहुतेक वेळा आवाज आणखी मागे ढकलते, त्यामुळे तिचाही उपयोग नाही.

मग ऑप्टिकल. टीव्हीच्या मागचं ते चौकोनी भोक तोशिबाने 1983 साली काढलेल्या टॉसलिंकचं. तिथून प्रकाशाची तार, पुढे एक छोटा डॅक (डिजिटल आवाज साध्या तारेत जाईल असा करून देणारी डबी), आणि डॅकमधून ऑक्सला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज पीसीएमवर, म्हणजे साध्या, न दाबलेल्या स्वरूपात, ठेवायचा, नाहीतर साधा डॅक गप्प बसतो. आवाज सुरेख. शिवाय या तारेतून वीज वाहत नाही. आपल्याकडे हस्ताच्या पावसात गडगडायला लागलं की डिशच्या तारेने आलेला झटका टीव्हीपर्यंत येतो, पण काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या धाग्यातून पुढे अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाऊ शकत नाही. अर्थिंगची घरघरही येत नाही. तांत्रिकदृष्ट्या मला अजूनही हाच मार्ग सर्वांत स्वच्छ वाटतो.

आणि तरी सहा महिन्यांनी मी तो काढला.

कारण आवाजाची पातळी. बहुतेक टीव्ही ऑप्टिकलमधून आवाज एकाच पातळीवर पाठवतात. टीव्हीचा रिमोट कितीही दाबा, काही होत नाही. कमी-जास्त करायचं तर अ‍ॅम्प्लिफायरची खुंटी, आणि आमच्या अ‍ॅम्प्लिफायरला रिमोटच नाही. मी घरी असलो तर प्रश्न नव्हता. आई एकटी असली की मालिका बारीक आवाजात चालायची, मध्येच जाहिरात किंचाळायची. तिचे गुडघे दुखतात. खुर्चीतून उठायचं, खुंटी फिरवायची, येऊन बसायचं, तोवर मालिका परत सुरू आणि आता ऐकू येत नाही. रात्री आतल्या खोलीत मी कामाला बसलो की हाक यायची, "वायच बारीक कर रे." दोन मिनिटांनी पुन्हा, "आता काय्यक ऐकाक येणा नाय." शेवटी शेवटी तर तिने स्टिरिओ लावणंच सोडलं आणि टीव्हीच्या त्या पत्र्यासारख्या आवाजावर परत गेली. एवढा खर्च करून घरात सर्वांत जास्त टीव्ही बघणाऱ्या माणसालाच तो वापरता येत नसेल, तर स्वच्छ आवाजाचं मी काय करू?

हेडफोनच्या भोकातून तार काढली तर टीव्हीचा रिमोट चालतो. पैसे वाचवायचे असतील आणि तुमच्या टीव्हीला ते भोक असेल तर आधी हेच करून पाहा. आमच्याकडे बारीक गुणगुण येत होती, ती गेली नाही.

आता आमच्याकडे आहे एचडीएमआय एआरसी असलेला स्ट्रीमर, म्हणजे नेटवरची आणि पेनड्राइव्हवरची गाणी वाजवणारा डबा. एआरसी म्हणजे एचडीएमआयच्या तारेतून टीव्हीचा आवाज बाहेर काढायची सोय. एआरसी 2009 पासून एचडीएमआयमध्ये आहे, त्यामुळे दहा वर्षांचा टीव्ही असला तरी मागे एखाद्या भोकाशी ही अक्षरं बहुधा सापडतील. तार त्याच भोकात जायला हवी. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे टीव्हीच्या रिमोटने जोडलेला डबाही चालवायची सोय, चालू करा. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय: सॅमसंगकडे एनीनेट प्लस, एलजीकडे सिम्पलिंक, सोनीकडे ब्राव्हिया सिंक. मग टीव्हीचा रिमोट दाबला की आवाज स्ट्रीमर कमी-जास्त करतो आणि पुढे जुनाच अ‍ॅम्प्लिफायर, जुनेच स्पीकर. घेताना दुकानदाराला एकच विचारा: टीव्हीच्या रिमोटने आवाज बदलतो का? स्वस्तातल्या काही एआरसी डब्यांतून आवाज निघतो, पण पातळी बदलत नाही, म्हणजे पुन्हा खुंटीशीच गाठ.

गाण्यांसाठीही तोच डबा. पावसाळ्यात नेट गेलं तरी पेनड्राइव्हवरची गाणी वाजतात. बुरशी लागायच्या आत बाबांच्या भजनांच्या कॅसेटी मी त्यावर उतरवून घेतल्या.

यात तांब्याची तार आहे, म्हणून गडगडलं की टीव्ही, डिश आणि अ‍ॅम्प्लिफायर या सगळ्यांचे प्लग काढावे लागतात. तुम्ही एकटेच ऐकणारे असाल आणि उठायला त्रास नसेल, तर ऑप्टिकल घेऊन पैसे वाचवा. नवीनच संसार असेल, जुने स्पीकर नसतील, तर साउंडबारही चालेल. पण माळ्यावर चांगले स्पीकर पडलेले असतील आणि घरात म्हातारं माणूस असेल, तर मी एआरसीवरच थोडे जास्त पैसे घालीन.

अ‍ॅम्प्लिफायरची खुंटी आता घड्याळातल्या दहाच्या जागी असते. तिथे आईने लाल नेलपेंटचा ठिपका लावून ठेवलाय. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की ती येता येता बटण दाबते आणि रिमोट घेऊन खुर्चीत बसते.