ब्रायर, मीअरशॉम की मक्याचे कणीस: पहिला पाइप कोणता घ्यावा?

पाइपचे सुख मुख्यतः नाकाचे आणि हाताचे असते. पाइपचा धूर सिगारेटसारखा छातीत ओढायचा नसतो. तो तोंडात घोळवून सोडायचा आणि त्यातला थोडासा नाकावाटे बाहेर जाऊ द्यायचा, म्हणजे तंबाखूच्या वासाचे बारकावे उलगडत जातात. त्यामुळे पहिला पाइप निवडताना आकार किंवा नक्षी यांपेक्षा त्याची वाटी कशाची घडवली आहे, ती हाताला किती तापते आणि तंबाखूच्या वासात स्वतःचे काय मिसळते, हे आधी पाहिले पाहिजे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. धूर छातीत न घेतल्याने धोका टळत नाही. पाइपमुळे ओठ, तोंड, घसा आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाची शक्यता वाढते, आणि निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनही रक्तात शिरते. ज्याला तंबाखूची सवय नाही त्याने केवळ छंद म्हणून ती लावून घेऊ नये, असे माझे मत आहे. पुढचे विवेचन हे सारे जाणून निर्णय घेणाऱ्या प्रौढ वाचकासाठी आहे.

ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या आसपास वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी तयार होणारी गाठ. कॉर्सिका, कॅलाब्रिया, ग्रीस, अल्जीरिया या भागांतून ती येते. ती कापून कित्येक तास उकळतात, म्हणजे तिच्यातला कडवट रस निघून जातो, आणि मग महिनोन्‌महिने सावलीत वाळवतात. फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातल्या सेंट-क्लोद या गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या लाकडाचे पाइप घडू लागले, आणि आज पाइप म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ब्रायरच येतो. हे लाकूड घट्ट असते आणि त्यात सिलिका असते, म्हणून आतला निखारा धुमसत असतानाही वाटी सहसा जळत नाही. तिच्या जाड भिंतींतून ऊब सावकाश बाहेर झिरपते. वाटी गालाला लावून पाहावी: सुखद ऊब लागली तर ओढण्याची गती योग्य आहे, चटका बसला तर झुरके फार घाईने घेतले जात आहेत, आणि आता जीभही पोळणार, हे नक्की. ही खूण तिन्ही प्रकारच्या पाइपांना थोड्याफार फरकाने लागू पडते, पण ती सर्वांत चांगली शिकवतो तो ब्रायरच.

ब्रायरची अट अशी की त्याला आधी मुरवावे लागते. सुरुवातीला कच्च्या लाकडाची किंचित कडसर चव तंबाखूत उतरते. हळूहळू आतून काजळीचा थर धरतो आणि मग धूर गोलसर, शांत लागू लागतो. हा थर साधारण एक ते दीड मिलिमीटर राखावा. त्याहून जाड झाल्यास तो तापून फुगतो आणि वाटीला तडा जाण्याची भीती असते. एकदा ओढल्यावर लाकडातली ओल सुकण्यासाठी निदान एक दिवस पाइपला विश्रांती हवी, म्हणजे रोज ओढणाऱ्याला एका ब्रायरवर भागत नाही. शिवाय ब्रायर वास धरून ठेवतो. लटाकिया हा सिरियात उगम पावलेला आणि आता प्रामुख्याने सायप्रसमध्ये तयार होणारा तंबाखू. त्याची पाने सुगंधी झुडपांच्या आणि लाकडांच्या धुरावर धरलेली असतात, आणि त्यांना धुराचा, कमावलेल्या चामड्याचा दाट वास असतो. तो एकदा ब्रायरमध्ये ओढला की नंतर भरलेल्या व्हर्जिनिया या नाजूक जातीच्या तंबाखूलाही, लोणच्याच्या बरणीत ठेवलेल्या साखरेसारखा, तोच वास येत राहतो. व्हर्जिनियाचा स्वतःचा वाळलेल्या गवताचा गोडसर वास ज्याला प्रिय आहे, त्याने एक ब्रायर केवळ व्हर्जिनियासाठी राखून ठेवावा.

मीअरशॉमचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. हे सेपिओलाइट नावाचे मऊ, पांढरे खनिज असून तुर्कस्तानातील एस्किशेहिर हे त्याचे मुख्य ठिकाण. ते इतके सच्छिद्र असते की कोरडा खडा पाण्यावर तरंगतो. हीच छिद्रे धुरातली ओल शोषून घेतात, म्हणून झुरका कोरडा आणि थंडसर लागतो. स्वतःची चव तो जवळजवळ देतच नाही आणि त्याला मुरवावेही लागत नाही. तंबाखू जसा असेल तसाच नाकापर्यंत पोहोचतो. दोन तंबाखूंची पारख करायची असेल, तर माझ्या मते याहून प्रामाणिक पाइप नाही. (मातीची वाटीही वासाच्या बाबतीत अशीच तटस्थ असते, पण ती फार तापते, आपल्याकडे चिलीम ओढणारे तोंडाकडच्या टोकाला छापी, म्हणजे ओले फडके, गुंडाळतात ते काही उगाच नव्हे.) डोळ्यांचे सुखही इथे वेगळेच. मेण लावलेली पांढरी वाटी वापरागणिक पिवळसर, मग मधाच्या रंगाची आणि अखेरीस गडद तपकिरी होत जाते. मात्र मीअरशॉम हातातून पडला की फुटतो, गरम असताना वाटीला बोटे लावली तर रंग डागाळतो, आणि आत काजळी साचू दिली तर तडकतो. दर वेळी तो आतून पुसून घ्यावाच लागतो.

मक्याच्या कणसाचा पाइप दिसायला साधा, पण नवशिक्यासाठी मी त्यालाच पहिली पसंती देतो. अमेरिकेतील मिझुरी राज्यात, वॉशिंग्टन नावाच्या गावी, 1869 पासून असे पाइप बनत आले आहेत, आणि दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी सेनानी जनरल मॅकआर्थर यांचा सुप्रसिद्ध पाइपही कणसाचाच होता. तो वजनाला हलका असतो, ओल चांगली शोषतो आणि लगेच पुन्हा भरता येतो. सुरुवातीला मक्याचा किंचित गोड, भाजका वास येतो, विशेषतः बर्ली जातीच्या तंबाखूबरोबर तो छान जुळतो. मग तो वास विरतो. आयुष्य ब्रायरपेक्षा कमी, पण किंमतही तितकीच कमी. तंबाखू किती दाबून भरायचा, पहिल्यांदा पेटवल्यावर फुगून वर आलेला थर कसा हलकेच दाबायचा आणि पुन्हा केव्हा पेटवायचा, हे हाताला कळेपर्यंत महागडी वाटी खराब करण्यात अर्थ नाही.

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांना पावसाळ्यात आणखी एक फरक जाणवेल. दमट हवेत तंबाखू ओल धरतो, पाइप गुरगुरू लागतो आणि तोंडात कडू पाणी येते. अशा दिवसांत कणीस आणि मीअरशॉम निभावून नेतात. ब्रायरमध्ये भरण्यापूर्वी तंबाखू कागदावर पसरून थोडा सुकू द्यावा. लटाकियाचा वास पडद्यांतही बसतो, तेव्हा घरच्यांना विचारून आणि मुलांपासून दूर, गच्चीवर ओढणे बरे. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला 2 ऑक्टोबर 2008 पासूनच्या नियमांनी बंदी आहे आणि ती पाइपलाही लागू होते.

कणसावर हात बसल्यानंतर दुसरा पाइप कोणता, हे आवडत्या वासावर ठरवावे. एकाच जातीच्या तंबाखूत रमणाऱ्याने साधा, नक्षी नसलेला, जाड भिंतींचा ब्रायर घ्यावा. सतत नवे मिश्रण चाखणाऱ्याने मीअरशॉमसाठी पैसे साठवावेत, पण घेताना तो अखंड दगडातून कोरलेला आहे, भुगा दाबून केलेला नाही, याची लेखी खात्री विक्रेत्याकडून करून घ्यावी. दाबलेल्या भुग्याचा पाइप जड असतो, ओल कमी शोषतो आणि त्याच्यावर तो मधाचा रंग नीट चढत नाही.