होडीच्या कठड्यासाठी अ‍ॅल्युमिनियम वाकवून घेताना : मालीमजवळच्या एका वर्कशॉपचा अनुभव

माझी आणि माझ्या आतेभावाची मिळून एक २४ फुटी फायबरची होडी आहे. ती गोव्यात नेरूलच्या खाडीत असते आणि हंगामात पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला कोको बीचवरून निघते. गेल्या पावसाळ्यात ती वर ओढून घेतली, तेव्हा नाळेवरचा (पुढच्या टोकावरचा) जुना लोखंडी कठडा बुडाशी गंजून हलू लागल्याचे दिसले आणि त्याच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचा कठडा बसवायचे आम्ही ठरवले. स्टेनलेस स्टील अधिक देखणे दिसते हे खरे, परंतु त्याच मापाच्या नळीचे वजन जवळजवळ तिप्पट भरते, आणि लहान होडीच्या नाळेवर वाढवलेला प्रत्येक किलो लाटेवर जाणवतो. हे काम मालीमच्या मासेमारी जेटीजवळच्या ज्या वर्कशॉपमध्ये करून घेतले, त्याच्या दारावर नावाची पाटी नाही. जेटीवर ‘पाईप वाकवणारे कुठे बसतात’ असे विचारले की ट्रॉलरवाले वाट दाखवतात.

त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी आमचे पैसे वाया गेले होते. तिथे नळकामाचा साधा हायड्रॉलिक बेंडर होता, ज्यात दोन आधारांमधून दांडा पुढे येतो आणि पाईपला मध्येच ढकलतो. जाड भिंतीच्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाईपला ते चालते. आमच्या नळीचे मात्र वळणावर पोट चपटे झाले आणि आतल्या बाजूला सुरकुत्या पडल्या. ‘रंग मारल्यावर दिसणार नाही’ असे उत्तर मिळाले, तेव्हा तुकडा उचलून आम्ही घरी आलो.

मालीमच्या वर्कशॉपमध्ये फोरमननी तो तुकडा हातात घेतला, पण किती अंशांत वाकवायचे हे विचारलेच नाही. ‘धातू कुठला, टेंपर कुठला, आणि तुम्ही आणलेला माल पाईप आहे की ट्यूब?’ हा त्यांचा पहिला प्रश्न होता. टेंपर म्हणजे धातूला दिलेला कडकपणा. आम्ही दुकानात ‘एक इंची’ एवढेच सांगून नवा माल घेतला होता आणि बिलावर ‘अ‍ॅल्युमिनियम पाईप’ यापलीकडे काही लिहिलेले नव्हते. त्यांनी व्हर्नियर लावला, तर बाहेरचा व्यास ३३.४ मिलिमीटर निघाला. एक इंची पाईपचा इंच नावापुरता असतो. ट्यूबचे माप बाहेरून मोजतात, म्हणून एक इंची ट्यूब नेमकी २५.४ मिलिमीटरची असते. डेकवर बसवायच्या बैठका आम्ही २५.४ च्या घेऊन ठेवल्या होत्या, आणि त्यांच्याकडे ३३.४ ची डायही (नळी जिच्याभोवती वाकवतात तो साचा) नव्हती. माल अजून कापलेला नव्हता, त्यामुळे दुकानदाराने तो बदलून दिला आणि आम्ही ६०६१ या मिश्रधातूची, टी६ टेंपरची, एक सूत जाडीची ट्यूब आणली. हा प्रश्न कोणी आधी विचारला असता तर म्हापशाच्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

यांचे यंत्र वेगळ्या पद्धतीचे आहे. गोल डायवर नळी चिमटीत पकडली जाते, डाय फिरते आणि नळी तिच्याभोवती ओढली जाते. आतून मँड्रेलचा, म्हणजे नळीत सरकवलेल्या दांड्याचा, आधार असल्यामुळे पोट बसत नाही. तरीही त्यांनी थेट आमच्या मालाला हात न लावता फूटभराचा एक तुकडा ७५ मिलिमीटर त्रिज्येवर वाकवून पाहिला. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत झाला. फोरमननी त्यावरून नख फिरवले, एका जागी ते अडकले, आणि तिथे केसाएवढी भेग होती. मला ती चष्मा लावूनही आधी दिसली नव्हती. टी६ म्हणजे कडक केलेला माल. तो मजबूत असतो, पण बाहेरची बाजू फारशी ताणू देत नाही. दुसरा तुकडा त्यांनी १०० मिलिमीटर त्रिज्येवर घेतला, तेव्हा साल गुळगुळीत राहिली. वाकवलेली नळी सुटली की थोडी मागे येते. ९० अंशांसाठी ९३ पर्यंत ओढावे लागते हेही त्याच तुकड्यावरून ठरले.

आतेभावाने सुचवले की ॲसिटिलीनच्या ज्योतीवर नळी नरम करून हवे तेवढे लहान वळण घ्यावे. त्यावर फोरमननी जे सांगितले, त्यामुळे माझा या वर्कशॉपवर विश्वास बसला. नरम केलेल्या ६०६१ ची ताकद टी६ च्या साधारण पाचव्या हिश्श्यावर येते, आणि जिथे लाटेच्या धक्क्याला पर्यटक एकदम पकडणार तीच जागा आपण कच्ची करून ठेवणार. शिवाय अ‍ॅल्युमिनियम वितळण्याआधी लोखंडासारखे लाल होत नाही, म्हणून ज्योत कधी थांबवायची हे डोळ्यांना कळत नाही. वळण मोठे झाल्यामुळे कठड्याचा कोपरा आमच्या मनातल्या आकाराइतका रेखीव आला नाही, पण ती तडजोड मला पटली.

तक्रारीही आहेत. मोजमाप घ्यायला होडीपाशी कोणी येत नाही. जाड तारेचा फर्मा आपणच करून न्यावा लागतो. आम्ही डाव्या बाजूचा फर्मा दिला आणि ‘उजवी बाजू याच्या उलट’ असे तोंडी सांगितले. कठडा नाळेकडे वळतो आणि त्याच वेळी डेकच्या चढाबरोबर वर जातो, म्हणजे दोन वळणे दोन वेगळ्या पातळ्यांत असतात आणि अशी नळी नुसती पालथी करून दुसऱ्या बाजूला बसत नाही. त्यांनी दोन्ही डाव्याच करून ठेवल्या. चूक त्यांनी मान्य केली आणि वाकवण्याची मजुरी पुन्हा घेतली नाही, परंतु नव्या ट्यूबची अर्धी किंमत आम्हाला भरावी लागली. काम चवथीपूर्वी (गणेशचतुर्थीपूर्वी) देण्याचा शब्द होता. चवथीला कारागीर गावी गेले ते आठवडाभर परतले नाहीत, आणि फोन उचलण्याचे सौजन्यही त्या काळात कोणी दाखवले नाही. हंगाम तोंडावर असलेल्या होडीमालकाने ही गोष्ट धरूनच तारीख मागावी.

आर्गन वेल्डिंग स्वच्छ आहे. अ‍ॅनोडायझिंग (पृष्ठभागावर संरक्षक ऑक्साइडचा थर चढवणे) करायचे आहे हे आधी सांगितल्यामुळे त्यांनी ५३५६ ची फिलर तार (जोडात वितळवून भरायची तार) वापरली. ४०४३ वापरली असती तर जोड काळपट पडले असते. अ‍ॅनोडायझिंग ते बाहेरून करून आणतात आणि वाकवून झाल्यावरच करतात, कारण आधी केले तर वळणावर तो थर तडकतो. स्टेनलेस बोल्टखाली घालायचे नायलॉनचे वायसर मात्र मागितल्याशिवाय मिळाले नाहीत. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना थेट टेकले की अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असताना वायसर कामातच धरलेले असावेत असे मला वाटते.

प्रत्येक वळणाला ३५० रुपये आणि वेल्डिंगचे वेगळे, असा हिशेब झाला. स्वस्त नाही. यंदाच्या पावसाळ्यात पिछाडीचा कठडाही त्यांच्याकडेच टाकणार आहोत. त्यासाठी दोन फर्मे आतापासून तयार करून एकावर लाल रंगाने ‘डावा’ आणि दुसऱ्यावर हिरव्याने ‘उजवा’ असे लिहून ठेवले आहे.