बारा बॅटरी पार, एकच केबल: एका लग्नसराईच्या वापरानंतर

मंगल कार्यालयांतील सजावटीसाठी आम्ही बॅटरीवर चालणारे बारा एलईडी पार, म्हणजे सजावटीवर प्रकाश टाकणारे डब्यासारखे दिवे, वापरतो. मांडवात वायर ओढावी लागत नाही, हे सुख खरे. पण वाचलेली सगळी वायर चार्जिंगच्या वेळी गोडाऊनमध्ये वसूल होते. बारा केबल, त्यांच्यासाठी तीन एक्स्टेंशन बोर्ड, आणि त्यांतल्या एकाचे बटण बंद राहिले की ऐन रिसेप्शनमध्ये मान टाकणारे चार दिवे. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला बोर्ड काढून टाकले आणि पारच्या पेटीतच सर्व्हर रॅकला वापरतात तसे पॉवर डिस्ट्रिब्युशन युनिट, म्हणजे एका वायरवरून अनेक सॉकेटना वीज देणारी पट्टी, बसवून घेतले. यूपीएसच्या मागे असतात तशी बारा सी-13 सॉकेट त्याला आहेत. अर्ध्या मीटरच्या केबल आता पेटीतच कायमच्या राहतात आणि बाहेर एकच वायर येते.

ही एक वायर कोठे लावायची, याचा विचार आधी करावा लागतो. आमच्या एका पारला चार्ज होताना साधारण 80 वॅट लागतात. बारांचे 960 वॅट, म्हणजे 230 व्होल्टला जेमतेम सव्वाचार अँपिअर, असा हिशेब कागदावर निघतो. परंतु अशा साध्या चार्जरचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी किती प्रत्यक्ष कामी येतो त्याचे प्रमाण) कमी असतो, तो 0.6 धरला, तर प्रत्यक्ष करंट 7 अँपिअरच्या घरात जातो आणि भिंतीवरचे 6 अँपिअरचे सॉकेट त्याला पुरत नाही. त्यामुळे युनिटला 16 अँपिअरचा टॉप (प्लग) आणि 1.5 चौरस मिलिमीटरची वायर लावली आहे. बाराही चार्जर एका क्षणी सुरू झाले की पहिल्या झटक्याच्या करंटने एमसीबी पडत असे. सहा-सहा सॉकेटना वेगळी बटणे करून घेतल्यावर आणि दोन्हींमध्ये थोडा वेळ ठेवल्यावर तो त्रास थांबला.

अर्थिंगचा प्रश्न मात्र अधिक गंभीर आहे. प्रत्येक चार्जरच्या फिल्टरमधून किंचित गळती करंट अर्थिंगच्या तारेत जातो. बारांचा तो एकत्र होतो, आणि कार्यालयाचे अर्थिंग तुटलेले असेल तर कोणत्याही पारच्या धातूच्या बॉडीला हात लावताच झिणझिण्या येतात. एवढ्यावर भागले तर नशीब. पेटी लावण्यापूर्वी सॉकेट टेस्टर लावून पाहणे आम्ही सक्तीचे केले आहे, मग व्यवस्थापक कितीही छातीठोकपणे सांगोत.

युनिटविषयी तक्रार एकच. त्याची बटणे बाहेर आलेली असल्यामुळे टेम्पोत धक्क्याने बंद होत. सुताराकडून वर पट्टी मारून घ्यावी लागली. या किमतीत झाकण यायला हवे होते. पार पेटीत ठेवताना चार्जिंगचा दिवा वर येईल अशी खाचांची रचना करून घेणे मात्र फार उपयोगी ठरले, कारण एका नजरेत कोणता पार उपाशी आहे ते कळते.

चार्जिंग चालू असताना पेटीचे झाकण उघडेच ठेवतो. लिथियम बॅटरी 45 अंशांपलीकडे चार्ज करू नये असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये दुपारी तो आकडा दूर नसतो. म्हणून चार्जिंग रात्रीच. चातुर्मासात लग्ने नसताना पार पूर्ण भरून न ठेवता निम्म्या चार्जवर ठेवले आहेत आणि महिन्यातून एकदा तपासतो.